अळ्यांचे विषाणूरोग: गोव्यातले शेतकरी, बागायतदार आणि पतंगप्रेमी वारंवार विचारतात ते प्रश्न

पहिल्या पावसानंतर सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांतून एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. पानाच्या टोकाला एक अळी उलटी लटकलेली असते, काळी पडलेली, पोत्यासारखी ढिली. सोबत प्रश्न असतो, "हे काय आहे, आणि काय मारू?" या पानावरची उत्तरे मुख्यतः त्या पहिल्या अर्ध्या प्रश्नासाठी आहेत. तो सुटला की दुसऱ्या अर्ध्याची बऱ्याचदा गरजच उरत नाही.

पतंगांना आणि अळ्यांना खरेच विषाणूरोग होतात?

होतात, आणि मोठ्या प्रमाणात होतात. फुलपाखरे आणि पतंग यांच्या अळ्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणारे विषाणू 'बॅक्युलोव्हायरस' कुळातले. कांडीच्या आकारामुळे त्यांना हे नाव मिळाले. या कुळातले दोन गट आपल्या कामाचे. पहिला एनपीव्ही, म्हणजे न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस. कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीवर हाच शब्द छापलेला असतो. दुसरा जीव्ही, म्हणजे ग्रॅन्युलोव्हायरस.

यांशिवाय इतरही कुळे आहेत. सायपोव्हायरस फक्त अळीच्या आतड्यात वाढतात आणि अळीला हळूहळू खंगवतात. इरिडोव्हायरस झालेल्या किड्यावर निळी-जांभळी झाक येते. किड्यांना होणारे देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातले विषाणूही आहेत. त्यांतला ज्याचा सर्वाधिक अभ्यास झाला, तो भारतातल्याच एका केसाळ अळीत, ॲमसॅक्टा मूरेई या पतंगाच्या सुरवंटात, पहिल्यांदा सापडला.

या सगळ्याची पहिली जाणीव माणसाला झाली ती रेशीम उद्योगामुळे. रेशीमकिड्याला होणाऱ्या एनपीव्ही रोगाला 'ग्रासरी' म्हणतात. किड्याची वळी सुजतात, कातडी चकाकते, जखम झाली तर दुधासारखा पांढरा द्रव गळतो आणि किडा चैन न पडल्यासारखा तबकाच्या कडेवरून फिरत राहतो. शेजारच्या कर्नाटकातले रेशीम उत्पादक हा रोग चांगला ओळखून आहेत. १८५६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या दुधाळ द्रवात चमकणारे बहुकोनी स्फटिक पाहिले. त्या स्फटिकांत विषाणूच्या कांड्या बंद असतात, हे सिद्ध व्हायला मात्र १९४७ उजाडले.

विषाणू अळीला मारतो कसा?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण फवारणीचे सगळे नियम यातूनच निघतात.

विषाणूच्या कांड्या एका प्रथिनाच्या स्फटिकात गाडलेल्या असतात. हा स्फटिक एक-दोन मायक्रॉनचा, फार तर काही मायक्रॉनचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. स्फटिकाच्या आतला विषाणू पानावर, सालीवर किंवा मातीत पडून राहू शकतो. मातीत तो वर्षानुवर्षे टिकतो. बाहेर असताना तो काहीच करत नाही. कातडीला लागला तरी अळीला काही होत नाही. तो पानासोबत पोटातच जावा लागतो.

अळीच्या मधल्या आतड्यातला रस अत्यंत अल्कधर्मी असतो, पीएच १० च्या आसपास. त्या रसात स्फटिक विरघळतो, कांड्या मोकळ्या होतात आणि आतड्याच्या पेशींत शिरतात. तिथे वाढून विषाणू दुसऱ्या रूपात, स्फटिकाशिवाय बाहेर पडतो आणि श्वासनलिकांच्या जाळ्यातून व रक्तातून चरबीच्या पेशींपर्यंत, कातडीपर्यंत, सगळीकडे पोचतो. शेवटच्या टप्प्यात पुन्हा स्फटिक बनू लागतात. मेलेल्या अळीच्या कोरड्या वजनाचा चौथ्या हिश्श्यापर्यंत भाग नुसत्या या स्फटिकांचा असू शकतो.

मग विषाणूच्या दोन जनुकांचे काम सुरू होते. एकापासून बनणारे विकर (एन्झाइम) अळीच्या कातडीतले कायटिन नावाचे टणक द्रव्य कुरतडते, दुसऱ्यापासून बनणारे प्रथिने पचवते. अळी आतून पातळ होते, कातडी फाटते आणि कोट्यवधी स्फटिक खालच्या पानांवर ओघळतात. पाऊस ते आणखी खाली नेतो. मेलेली अळी खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात स्फटिक विरघळत नाहीत, ते विष्ठेतून दुसऱ्या झाडावर पोचतात. मुंग्या, भुंगेरे, ढेकूणही त्यांची ने-आण करतात.

लहान अळी चार-पाच दिवसांत मरते, मोठी आठवडा किंवा जास्तही घेते. मरेपर्यंत ती थोडेफार खातच असते. "औषध मारले तरी अळी चालतेच आहे" ही तक्रार इथूनच येते.

रोगट अळी मरण्याआधी शेंड्यावर का चढते?

हे निरीक्षण फार जुने आहे. युरोपातल्या वनरक्षकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या रोगाला 'शेंड्याचा रोग' अशा अर्थाचेच नाव दिले होते. निरोगी अळ्या दिवसा पक्ष्यांपासून लपायला खाली उतरतात किंवा पानाआड जातात. रोगट अळी उंच चढून उघड्यावर बसते आणि तिथेच मरते. वरून ओघळलेला विषाणू खालच्या जास्तीत जास्त पानांवर पडतो.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या केली हूवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायमँट्रिया डिस्पार या पतंगाच्या अळ्यांवर प्रयोग करून दाखवले की हे चढणे विषाणूच्या एका जनुकाशी बांधलेले आहे. त्या जनुकापासून बनणारे विकर अळीचे कात टाकण्याचे संप्रेरक निकामी करते. अळी कात टाकायला थांबत नाही, खाली उतरत नाही, खात राहते आणि वर राहते. ते जनुक काढून टाकलेला विषाणू दिला, तर अळ्या खालीच मरतात. रेशीमकिड्याच्या विषाणूत हीच भटकंती घडवणारे वेगळेच जनुक सापडले आहे. म्हणजे एकाच परिणामाला विषाणू दोन वाटांनी पोचले आहेत. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

अळी विषाणूनेच मेली, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

उभे राहून बघू नका, जवळ जा. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेराही चालतो.

विषाणूने मेलेली अळी मागच्या पायांनी पानाला किंवा फांदीला चिकटून डोके खाली करून लटकते. कधी मधल्या पायांनी धरलेली असते, तेव्हा तिचा आकार उलट्या इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो. अंग मऊ, ढिले, आधी फिकट-पिवळसर आणि मग तपकिरी-काळे. काडी लावली की कातडी लगेच फाटते आणि पातळ द्रव वाहतो. ताज्या अळीतला हा द्रव दुधाळ असतो आणि त्याला फारशी दुर्गंधी नसते.

अळी कडक, सुकलेली, खडूसारखी असेल आणि तिच्यावर पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसत असेल, तर ती बुरशी आहे. गोव्याच्या दमट हवेत लष्करी अळ्यांवर हिरवी बुरशी बऱ्याचदा येते. अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष चिकटलेले असतील, तर ते परोपजीवी गांधीलमाशीचे काम. तिला हात लावू नका, त्या कोषांतून तुमचे मित्रकीटक बाहेर पडणार आहेत. अळी काळी पडून सडका उग्र वास येत असेल, तर जीवाणूंचा संशय घ्यावा. आणि अळ्या एकाच दिवशी सरसकट खाली पडलेल्या दिसल्या, वळवळत मेलेल्या, तर आसपास कोणी रासायनिक फवारणी केली का ते विचारा.

एक सावधगिरी. जीवाणू आणि विषाणू दोन्ही एकाच अळीत असू शकतात, आणि मेल्यावर दोन दिवसांनी सगळ्याच अळ्या सारख्या दिसतात. निदान करायचे तर मरू घातलेली किंवा नुकतीच मेलेली अळी बघा. पक्के निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते, आणि ते कठीण नाही. एनपीव्हीचे स्फटिक साध्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसतात.

पावसाच्या तोंडाला आमचा सागवान अख्खा खाल्ला जातो आणि मग अळ्या अचानक नाहीशा होतात. हे विषाणूमुळेच का?

काही अंशी होय. ही अळी हायब्लिया प्युएरा या पतंगाची. मृगाच्या आसपास, वळवाचे पाऊस पडून सागाला कोवळी पालवी फुटली की तिचे पतंग झुंडीने येतात आणि पालवीवर अंडी घालतात. लहान अळी पानाची कड कापून तिची घडी घालते आणि त्या घडीत लपून खाते. मोठ्या अळ्या फक्त शिरा शिल्लक ठेवतात. जोराचा प्रादुर्भाव असेल तेव्हा सागाखाली उभे राहिले तर पाऊस नसतानाही रिमझिम ऐकू येते, ती अळ्यांच्या लेंड्या पडण्याची. धाग्यावरून लोंबकळत त्या खाली उतरतात तेव्हा रस्त्याने जाणाऱ्यांच्या अंगावर येतात, आणि मग पंचायतीत तक्रारी सुरू होतात.

केरळमधल्या पीची इथल्या केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या सागवनांत या किडीवर अनेक वर्षे काम केले. तिच्या एनपीव्हीची नोंद तिथल्या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तो विषाणू वाढवून वनांत फवारण्याचे प्रयोगही केले. हा विषाणू चपळ आहे, लहान अळ्यांना तीन-चार दिवसांत संपवतो. याच संस्थेच्या अभ्यासात असेही दिसले की कोवळ्या सागवनात या अळीमुळे लाकडाची वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. तेव्हा "साग मरत नाही, सोडून द्या" हे अर्धेच खरे आहे. झाड मरत नाही, नवी पाने येतात, पण तो हंगाम वाढीच्या दृष्टीने वाया जातो.

मग बागायतदाराने काय करावे? दहा-वीस झाडे बांधावर असतील तर माझे स्पष्ट मत आहे: काहीही फवारू नका. उंच सागावर रासायनिक फवारा उडवला तर तो विहिरीत, ओहोळात आणि शेजाऱ्याच्या मधमाश्यांवर पडतो, आणि तोवर अळ्या बहुधा कोषात गेलेल्या असतात. त्या नाहीशा होण्याचे मोठे कारणही हेच आहे. अळी अवघ्या दोन आठवड्यांत मोठी होऊन जमिनीवरच्या पाचोळ्यात कोष करते, पतंग उडून दुसरीकडे जातात. विषाणू, पक्षी आणि गांधीलमाश्या उरलेल्यांचा हिशेब करतात. मोठी लागवड असेल तर वनखात्याशी आणि पीचीच्या संस्थेशी बोलणे योग्य.

हीच अळी तिवरांवरही येते. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत पावसाळा सरताना तिवरे तपकिरी झाल्याच्या बातम्या बऱ्याच वर्षी असतात, त्या हिच्याच. तिवरे पुन्हा पालवतात. खारफुटीत, पाण्याच्या वर, कीटकनाशक मारण्याचा विचारही नको.

हा विषाणू माणसांना, गुरांना, मधमाश्यांना होतो का?

नाही. आपल्या जठरात आम्ल असते, तिथे अळीच्या आतड्यासारखी स्थिती नाही. आणि विषाणू सस्तन प्राण्याच्या पेशीत प्रयोगशाळेत शिरवला तरी तिथे तो वाढत नाही. पतंगांचे एनपीव्ही मधमाशी, गांडूळ, मासे, पक्षी, कुत्री-मांजरे यांपैकी कोणालाही होत नाहीत. कोरोना किंवा निपाह यांच्याशी यांचे काही नाते नाही. पावसाळ्यात आपण खातो त्या तेऱ्यांच्या (रानअळूच्या) पानांवर, बाजारातल्या कोबीवर हे स्फटिक नैसर्गिकरीत्या असतातच. माणसे पिढ्यान्पिढ्या ते खात आली आहेत.

केसाळ सुरवंट अंगाला लागून खाज सुटते, पुरळ उठते, ती त्याच्या केसांमुळे. तिचा विषाणूशी संबंध नाही.

आमच्या खाजनातल्या कोळंबीला 'व्हाइट स्पॉट' होतो. तोही बॅक्युलोव्हायरसच ना?

हा प्रश्न येतो कारण जुन्या लिखाणात त्या विषाणूला खरोखरच बॅक्युलोव्हायरस म्हटलेले आढळते. पुढे त्याचा जनुकसंच तपासल्यावर तो वेगळा निघाला आणि त्याला स्वतंत्र कुळ मिळाले. पतंगांच्या अळ्यांचा विषाणू कोळंबीला होत नाही, कोळंबीचा अळ्यांना होत नाही. शेतात एनपीव्ही फवारल्याने मानशीच्या (खाजनात पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराच्या) आतल्या कोळंबीला धोका नाही. रासायनिक कीटकनाशकांचा मात्र कोळंबीला नक्की धोका आहे.

हा विषाणू औषध म्हणून मिळतो? कसा वापरायचा?

भारतात दोन प्रमुख आहेत. घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही आणि तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीसाठी एसएलएनपीव्ही. पहिली अळी टोमॅटो, मिरची, हरभरा, तूर यांवर येते. दुसरी गोव्यात भाजीपाल्यावर आणि विशेषतः अळूवर दिसते. एकाचा विषाणू दुसरीवर चालत नाही. अळी न ओळखता बाटली आणली, तर पैसे पाण्यात.

मात्रा 'एलई'मध्ये सांगतात, म्हणजे किती अळ्यांएवढा विषाणू. १ एलई म्हणजे ६०० कोटी स्फटिक, साधारण एका पूर्ण वाढलेल्या रोगट अळीतून मिळतात तेवढे. हरभऱ्यावर हेक्टरी २५० एलई ही नेहमीची शिफारस आहे. आपल्या पिकासाठी बाटलीवरचे लेबल आणि कृषी अधिकाऱ्याचा सल्ला पाळावा.

सगळ्यात महत्त्वाची वेळ. अंड्यातून बाहेर पडून दोन-तीन दिवस झालेल्या अळ्यांना थोडा विषाणू पुरतो, शेवटच्या अवस्थेतल्या अळीला हजारो पट लागतो. अळूवरच्या अळीचा पतंग पुंजक्याने अंडी घालतो, त्यांवर करडी लव असते. पिल्ले एकाच पानावर गोळा होऊन ते जाळीसारखे करतात. ते जाळीदार पान दिसले की हीच वेळ. खरे तर पोरसातली चार झाडे असतील तर ते पान तोडून टाकणे फवारणीपेक्षा सोपे, आणि मी तेच सुचवीन.

फवारणी संध्याकाळी करा, ऊन उतरल्यावर. अतिनील किरण हा या विषाणूचा मोठा शत्रू आहे. उघड्या पानावर तो एक-दोन दिवसांत बराचसा निकामी होतो. म्हणून पानांच्या खालच्या बाजूलाही फवारा बसला पाहिजे. शेतकरी द्रावणात थोडी नीळ घालतात ती ऊन अडवण्यासाठी, आणि गूळ घालतात तो अळीने जास्त खावे आणि द्रावण पानाला चिकटावे म्हणून. धुण्याचा सोडा किंवा कडक साबण घालू नका. तीव्र अल्कात स्फटिक पंपातच विरघळतात, मग पानावर जाते ते नुसते पाणी. बाटली फ्रिजमध्ये किंवा थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नये.

गोव्याच्या पावसात तो धुऊन जात नाही का?

फवारल्या फवारल्या सर आली तर जातो. पानावर एकदा सुकला की बऱ्यापैकी चिकटून राहतो. ढगाळ हवेचा त्याला उलट फायदा होतो, कारण ऊन कमी. श्रावणातली उघडीप, चवथीच्या आधीचे दिवस, हे त्याला चांगले. आषाढाच्या संततधारेत फवारणीचा हट्ट धरू नये.

रोगट अळ्या वेचून घरी द्रावण करता येते का?

करता येते, आणि भारतातले शेतकरी करतातही. मरू घातलेल्या, अजून न फुटलेल्या, एकाच जातीच्या अळ्या वेचायच्या, पाण्यात कुस्करायच्या, फडक्यातून गाळायचे आणि संध्याकाळी त्याच जातीच्या अळ्यांवर फवारायचे. पण त्यात विषाणू किती हे कळत नाही, आणि सोबत सडके जीवाणूही येतात. म्हणून कच्चे खायच्या भाजीवर, टोमॅटोवर, कोथिंबिरीवर ते कधीही वापरू नका. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकाची नकोत. असे द्रावण बाटलीत भरून विकणे हा वेगळा विषय. त्यासाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

कोणत्या किडींवर याचा उपयोग नाही?

जी अळी पानावर उघडी खात नाही तिच्यावर फारसा नाही. भाताचा खोडकिडा, ताळगावच्या वांग्यातली शेंडा व फळ पोखरणारी अळी, भेंडीत शिरलेली अळी या आत सुरक्षित बसतात. माडावरची काळ्या डोक्याची अळी जाळीत राहते. तिच्यासाठी परोपजीवी गांधीलमाश्या सोडणे हा सिद्ध झालेला मार्ग आहे. मावा, तुडतुडे, काजूवरचा ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडी तर अळ्याच नव्हेत.

अळ्या याला सरावत नाहीत का?

सरावू शकतात. सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथसाठी युरोपात एकच ग्रॅन्युलोव्हायरस वर्षानुवर्षे वापरला गेला. तो मूळ मेक्सिकोतल्या अळ्यांत सापडलेला. २००५ मध्ये जर्मनीतल्या काही बागांत त्याला दाद न देणाऱ्या अळ्यांची नोंद झाली. तोडगा त्याच विषाणूच्या इतर ठिकाणच्या वाणांत मिळाला. धडा शेतीत जुनाच आहे: एकाच अस्त्रावर विसंबू नये.

गांधीलमाशी अळीत अंडी घालताना विषाणूही टोचते, हे खरे?

खरे. ब्रॅकोनिड आणि इक्न्यूमोनिड कुळांतल्या काही गांधीलमाश्यांच्या अंडाशयात विषाणूसारखे कण तयार होतात. अंडे घालताना ते अळीत सोडले जातात, अळीची प्रतिकारशक्ती ढेपाळते आणि माशीचे पिल्लू आत सुखरूप वाढते. हे कण अळीत स्वतःची संख्या वाढवत नाहीत. त्यांची जनुके गांधीलमाशीच्याच गुणसूत्रांत कायमची वसलेली असतात. ब्रॅकोनिड माश्यांमध्ये हा समझोता सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी एका विषाणूशी झाला असे मानतात. उलट ॲस्कोव्हायरस नावाचे खरे विषाणू गांधीलमाशीच्या नांगीवरून एका अळीतून दुसरीत प्रवास करतात.

माडावरच्या गेंडा भुंग्यालाही विषाणू आहे म्हणतात?

आहे. तो पतंगांचा नव्हे, पण कुळागरवाले नेहमी विचारतात म्हणून घेतो. १९६३ मध्ये अलॉइस हुगर यांना तो मलेशियात सापडला. १९६७ मध्ये सामोआ बेटांवर सोडल्यावर तिथल्या भुंग्यांची संख्या खाली आली. आपल्याकडे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरही त्याचा वापर झाला. तो फवारत नाहीत. बाधित भुंगे सोडतात, आणि ते मरेपर्यंत इतरांना रोग देत राहतात. तरीही शेणाच्या, कुजक्या ओंडक्यांच्या जागा साफ ठेवण्याला पर्याय नाही. अळ्या तिथेच वाढतात.

लसींशी याचा संबंध काय?

मोठा आहे. एनपीव्हीचे स्फटिक बनवणारे जनुक काढून तिथे हवे ते जनुक बसवले, तर किड्याच्या पेशी ते प्रथिन भरपूर बनवून देतात. टेक्सासमध्ये १९८३ च्या सुमारास ही युक्ती जमली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्व्हेरिक्स लस कोबीवरच्या एका पतंगाच्या पेशींत बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होव्हॅक्स या कोविडवरच्या लसीला भारतात डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. तिचे प्रथिन ज्या पेशींत बनते, त्या स्पोडॉप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगापासून घेतलेल्या आहेत. २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसलेली आणि मक्याचे शेतकरी जिच्या नावाने धास्तावतात, ती अमेरिकन लष्करी अळी हीच.

कढीपत्त्यावरच्या अळ्या मी मुलांना दाखवायला डब्यात पाळते. एकदम सगळ्या काळ्या पडून मेल्या. माझे काय चुकले?

बहुधा गर्दी झाली आणि डबा ओला राहिला. काही अळ्यांत विषाणू दडून असतो, अंड्यावरून किंवा अंड्यातून आईकडून आलेला. दाटी, कोंदटपणा किंवा शिळी पाने यांनी अळी हैराण झाली की तो उसळतो. एका डब्यात कमी अळ्या ठेवा, लेंड्या रोज काढा, पाने धुऊन आणि पुसून द्या. एक जरी मऊ, फिकट पडलेली दिसली तरी ती लगेच वेगळी करा. रोग झालेला डबा नुसत्या पाण्याने शुद्ध होत नाही. कपडे धुण्याचे ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात तो बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. मेलेल्या अळ्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकू नका, खड्ड्यात पुरा.

शेतात विषाणू फवारल्याने मोले, बोंडला, नेत्रावळीतले ॲटलास मॉथ, मून मॉथ मरतील का?

जुलैमध्ये पांढऱ्या पडद्यावर दिवा लावून पतंग पाहणाऱ्यांना ही काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. घाटे अळीचा विषाणू तिच्या जवळच्या नातेवाइकांपलीकडे जवळपास कोणालाच होत नाही. ॲटलास मॉथचे कुळ अगदी वेगळे. जगात थोडे विषाणू असे आहेत की ते डझनावारी जातींच्या अळ्यांना होऊ शकतात, पण भारतात शेतासाठी विकले जाणारे हे दोन त्यांतले नाहीत. त्याउलट, अळ्यांवरचे सर्वसाधारण रासायनिक कीटकनाशक किंवा सगळ्या पतंगांच्या अळ्यांवर चालणारे बीटी जीवाणूचे औषध जंगलाच्या कडेला उडाले, तर तिथल्या अळ्यांमध्ये ते फरक करत नाही. अभयारण्याच्या सीमेवर भाजी पिकवणाऱ्यांसाठी मला म्हणून एनपीव्ही जास्त योग्य वाटतो.

पडद्यावर येणारे प्रौढ पतंग पाने खात नाहीत, ॲटलास मॉथला तर खायला तोंडच नसते. त्यांना या रोगाची लागण होऊन ते तडकाफडकी मरत नाहीत.

रोगट अळी कुठे दाखवायची, आणि कशी न्यायची?

आपल्या तालुक्याचे विभागीय कृषी कार्यालय ही पहिली जागा. एळा, जुने गोवे इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी कृषी संशोधन संस्था आणि उत्तर गोव्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. दक्षिणेकडच्यांना मडगावचे कृषी विज्ञान केंद्र जवळ पडते. कीटकांच्या रोगांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बंगळुरूला आहे, गरज पडली तर नमुना पुढे तिथे पाठवता येतो.

नेताना दोन-तीन रोगट अळ्या एका कोरड्या लहान बाटलीत, आणि त्याच झाडावरच्या दोन-तीन जिवंत, धडधाकट अळ्या पानांसकट भोके पाडलेल्या वेगळ्या डब्यात न्या. एकत्र ठेवल्या तर पोचेपर्यंत सगळ्याच रोगट होतात. उन्हात ठेवू नका. लेबलवर गाव, झाडाचे नाव, तारीख आणि गेल्या पंधरवड्यात काय काय फवारले ते लिहा. शेवटची माहिती लोक संकोचाने लपवतात, आणि नेमकी तीच निदानाला सर्वांत जास्त लागते.